एक सेंटिमीटरची भोकं आणि कापडी छपराचा मुंबईतला पावसाळा

घाईत असाल तर निकाल आधीच सांगतो. टायर उत्तम. बॅटरीच्या चार्जरचे पैसे वसूल. वॉटरप्रूफ कव्हर भंगारात द्या. आणि वर्कशॉपवाल्याने 'मान्सून पॅकेज' म्हणून काही पुढे केलं तर हात जोडून नको म्हणा. माझ्या कापडी छपराच्या स्पोर्ट्स कारची पावसाळ्यासाठी मे महिन्यात जी तयारी केली तिचा हिशेब डिसेंबरात लिहितोय, त्यामुळे पहिल्या पावसातली हौस उतरलेली आहे आणि सगळी बिलं समोर आहेत.

गाडीची माहिती थोडक्यात. दोन सीट, कापडी छप्पर, ताकद मागच्या चाकांना, आणि जमिनीपासून उंची इतकी कमी की पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीच्या उतारावर ती तिरकी घालावी लागते. सेकंडहँड घेतली, कारण नवी घ्यायची ऐपत नाही आणि असती तरी मुंबईच्या खड्ड्यांत नवी घातली नसती. 'पावसाळ्यात झाकून ठेव आणि लोकलने जा' हा सल्ला सासऱ्यांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांनी दिला. वर्षातले चार महिने हप्ता भरायचा आणि गाडी नुसती बघायची, हे काही मला पटलं नाही.

स्पोर्ट्स कार वाईट हवामानासाठी कशी तयार करायची हे शोधायला गेलं की सगळं थंड देशांतलं सापडतं. हिवाळी टायर, रस्त्यावरचं मीठ, कूलंट गोठू नये म्हणून काय घालावं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक पडतं आणि पकड सोडतं, हा त्या सगळ्याचा पाया. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान आहे ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात गार पहाटेलाही उन्हाळी टायरवर निभावलं असतं. तो अध्याय तिथेच मिटला. तरी त्या याद्यांतून तीन गोष्टी उचलल्या: बॅटरी, दारा-छपराच्या रबरांची निगा आणि ब्रेक ऑइल. यातलं ब्रेक ऑइल लोक विसरतात. ते हवेतली ओल शोषत राहतं, आणि मुंबईत ओलीला तोटा नाही. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरली की ही किमान मर्यादा १५५ वर येते. खंडाळ्याचा घाट उतरताना हे आठवलं तर उपयोग नाही. दर दोन वर्षांनी बदला, विषय संपला.

सगळं वेळापत्रक मी ११ जून धरून आखलं होतं, कारण मुंबईत पाऊस येण्याची नेहमीची तारीख ती. २०२५ साली तो २६ मेलाच आला. इतक्या लवकर १९५० पासूनच्या नोंदींत आला नव्हता. त्या दिवशी वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं, सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झालेलं स्टेशन. वर्कशॉपचं पॅकेज तोवर उरकलं होतं, टायर मात्र अजून दुकानातच होते.

टायरचं आधी सांगून टाकतो. आधीच्या मालकाच्या टायरांच्या खाचा चांगल्या खोल होत्या, कायद्याने लागणाऱ्या १.६ मिलिमीटरच्या कितीतरी वर. दिवाळीपर्यंत ओढू असं मनात होतं. मग कडेवरचे चार आकडे वाचले: ३५१७. म्हणजे २०१७ सालचा पस्तिसावा आठवडा. खाचा असून काय उपयोग, रबर दगड झालेलं. मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ घातले. चारांचं बिल बघून बायकोने विचारलं की यात गाडीपण येते का. पहिले काही आठवडे मी नाराजच होतो, काँक्रीटच्या रस्त्यावर घूं घूं जाणवत होती. जुलैत मत बदललं. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर धो-धो पावसात पुढच्या रिक्षाने अचानक डावीकडचं उजवीकडे केलं आणि गाडी जिथे थांबायला हवी त्याच्या बरीच आधी थांबली. आता तो आवाज ऐकूही येत नाही.

इथे एक सांगून ठेवतो. 'पावसात हवा दोन पॉइंट कमी ठेवा, पकड वाढते' असं पंपावरचा मुलगाही सांगतो. उलट आहे. हवा कमी झाली की मधल्या खाचा दबतात, पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगायला कमी वेग पुरतो. असल्या गाड्यांचे टायर आधीच रुंद, त्यामुळे तरंगायची घाई त्यांना जरा जास्तच. दाराच्या कडेला स्टिकर आहे, त्यावर लिहिलेली हवा भरा.

आता मुख्य दुखणं.

कौलारू घराला पन्हळ असते तशी कापडी छपराच्या गाडीला पन्हळ असते. छपरावरचं पाणी सीटमागच्या खोबणीत उतरतं, तिथून नळीने चाकामागे खाली पडतं. दुसरी वाट पुढच्या काचेच्या खाली, वायपरपाशी. दारांच्या आतही काचेच्या फटीतून पाणी जातंच, आणि ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पाणी येणारच, असं धरून गाडी बांधलेली आहे. अडवण्यावर भर नाही, काढून लावण्यावर आहे. आणि बाजारात पावसाळ्यासाठी जे जे विकतात ते सगळं अडवायचं.

माझ्या पॅकेजमध्ये चार गोष्टी होत्या: वायपर, एसीची सफाई, काचेवर कसलासा थर, आणि खालून काळं रबरी कोटिंग. गंज लागू नये म्हणून. समुद्राजवळच्या हवेत गंजाची भीती खरीच आहे, त्यामुळे मलाही ते पटलं. कोटिंग मारणाऱ्याने गाडी लिफ्टवर घेतली आणि दिसेल त्या पत्र्यावर फवारा मारला. दारांच्या तळाची भोकं, दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्यातली भोकं, नळ्यांची तोंडं. एक सेंटिमीटरचीही नसतील एकेक. सगळी बुजली.

पहिलं लक्षण म्हणजे आवाज. वळणावर दारातून खळखळ. वाटलं, पाण्याची बाटली सीटखाली घरंगळत असेल. मग सकाळी काचा आतून धुरकट. मग पायाखालचा गालिचा दमट. शेवटी एका रात्री गाडी स्वतःहून लॉक-अनलॉक होऊ लागली, कारण सीटखाली गालिच्याच्या खाली एक कंट्रोल युनिट असतं आणि ते पाण्यात बसलं होतं. असल्या महागड्या गाडीत असलं युनिट जमिनीवर ठेवायचं कोणाच्या डोक्यातून आलं, ते मला आजही कळलेलं नाही.

वर्कशॉपमध्ये सल्लागार म्हणाला, "सर, कन्व्हर्टिबल आहे, थोडं पाणी येणारच." छपराची सगळी रबरं बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. सव्वा लाखाच्या वर. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

घरी आल्यावर बायकोने टॉर्च धरला आणि मी एक बाटली पाणी सीटमागच्या खोबणीत हळूहळू ओतलं. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. कागद कोरडा. बाटली संपली, खोबणी भरली, कागद तसाच. "हे बाहेर येत नाहीये," ती म्हणाली. एवढं निदान सव्वा लाखात कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका ओळखीच्या मेस्त्रीकडे गेलो. त्याने स्क्रूड्रायव्हरने दाराच्या तळाचं कोटिंग खरवडलं आणि बादलीभर नसलं तरी तांब्याभर तरी काळं पाणी त्याच्या चपलेवर पडलं. नळीतून मात्र वेगळाच माल निघाला: गुलमोहराच्या पानांचा चुरा. गुलमोहराची ती बारीक पानं या नळ्यांच्या मापाचीच असतात. माझी पार्किंगची जागा स्टिल्टच्या कडेची आणि डोक्यावर गुलमोहर. तेव्हा नळ्यांचा अर्धा दोष मी झाडाला देतो. दारं आणि उंबरे पूर्णपणे कोटिंगचेच.

मग वर्कशॉपला फोटो, पानभर ईमेल, परत फोटो. उत्तर आलं, "कोटिंगच्या आधी भोकं मोकळी होती याचा पुरावा काय?" हे वाचून मी जेवण सोडून उठलो. मग लिहिलं की कारखान्याने भोकं मोकळीच पाठवली असणार, बुजवून कोणी गाडी विकत नाही. बरीच ओढाताण होऊन कोटिंगचे पैसे परत आले आणि गालिचा फुकट काढून वाळवून दिला. युनिटचा खर्च अर्धा-अर्धा. अर्धा मी का द्यायचा, हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही.

नळ्या साफ करायला काय लागतं? गवत कापायच्या मशीनची जाडसर नायलॉन दोरी. टोक लायटरने गोल करून घ्या, नाहीतर नळी फाटेल. हळूहळू सरकवा, फिरवा, बाहेर काढा, मागून पाणी ओता. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला सांधा निखळला तर पाणी थेट गाडीत आणि मग खरोखर सव्वा लाख. भर पावसाळ्यात मी हे दर पंधरवड्याला करत होतो. दोरीची किंमत पॅकेजच्या जीएसटीइतकीही नाही.

कव्हरबद्दल थोडक्यात. वॉटरप्रूफ कव्हर वरचं पाणी अडवतं आणि खालची वाफ कोंडतं. ऑगस्टात सीटबेल्टवर हिरवट बुरशी आली तेव्हा ते काढून टाकलं. आता हवा खेळणारं साधं कापडी कव्हर, आणि आत ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे. ते डबे पाण्याने भरतात; सांडू देऊ नका, त्या पाण्याने पत्रा गंजतो. ओलं छप्पर दुमडून ठेवू नका, हे तुम्हाला माहीत आहेच. छपराच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावतो, त्याबद्दल तक्रार नाही.

चार्जर घेताना मला तो श्रीमंतांचा चाळा वाटला होता. जागच्या जागी उभ्या गाडीची बॅटरी तिच्या इलेक्ट्रॉनिक्सनेच उतरते आणि पावसाळ्यात गाडी उभीच जास्त. चार्जर लावून ठेवला की हवं तेव्हा एका सेल्फला चालू. इथवर छान. पण प्लग सोसायटीच्या कॉमन मीटरवर. सेक्रेटरी काका खाली आले. मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेला प्लगचा मीटर दाखवला: महिन्याला पाच-सहा युनिट, दहा रुपयांनी धरले तरी साठ रुपये. काका म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही, पायंड्याचा आहे." शेवटी महिन्याला दोनशे ठरले, पावतीवर 'इतर जमा'. साठचे दोनशे देताना दर महिन्याला कळ येते, पण नवी बॅटरी त्याहून महाग.

चालवण्याबद्दल फार लिहीत नाही. कोस्टल रोडवर ८० ची मर्यादा, बोगद्यात ६०. पावसात या गाडीला तेवढं पुरतं. ४.५ मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, ती यादी फ्रिजवर लावली आहे. भरती आणि जोरदार पाऊस एकत्र आले की पर्जन्यवाहिन्यांचं पाणी समुद्रात जायला वाट राहत नाही, मग हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे यांच्या वाटेला जायचंच नाही. या गाडीच्या इंजिनाची हवा ओढायची जागा खाली आहे. साचलेल्या पाण्यात समोरून बेस्टची बस आली तर लाट बॉनेटवर येते. इंजिनात पाणी गेलं आणि बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलं नसेल तर साध्या विम्यात ते सहसा बसत नाही. १९ ऑगस्टला भर पावसात मोनोरेल चेंबूरला अडकली त्या दिवशी मी गाडी जागची हलवली नाही. तेवढ्यापुरते सासरे बरोबर.

आता थंडी. छप्पर उघडायचे खरे दिवस हेच. आणि आमच्या गल्लीत एकाच वेळी तीन इमारतींचं रीडेव्हलपमेंट चालू आहे. छप्पर उघडून स्टेशनपर्यंत गेलं तरी डॅशबोर्डवर बोटाने नाव लिहिता येतं. ती धूळ खोबणीतही बसते, आणि पलीकडच्या बदामाची पानगळ सुरू व्हायची आहे. त्याची पानं मोठी, नळीत जात नाहीत, पण खोबणीत सडून त्यांचा चिखल होतो. नायलॉनची दोरी डिकीतच ठेवली आहे.