हाताने फिरवायचा कॉफी ग्राइंडर : साताऱ्यात आठ महिने वापरल्यानंतर

घरी कॉफी करण्याचा छंद लागला की माणूस आधी भांडी जमवतो आणि दळण्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. माझेही तसेच झाले. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर घरात होताच. त्यात पुढे मोका पॉट (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी करणारे भांडे), मग एअरोप्रेस (दट्ट्याने दाबून कॉफी गाळायची नळी) आणि त्यानंतर चिनीमातीचा व्ही-६० (कागदी गाळणी बसवून वरून पाणी ओतायचा शंकू) यांची भर पडली. बिया मात्र मी दीड वर्ष मिक्सरच्या चटणीच्या भांड्यातच फिरवत होतो. हाताने फिरवायचा पोलादी ग्राइंडर घेऊन आता आठ महिने झाले. तो रोज दोन वेळा वापरला जातो, आणि या सगळ्या सामानात कपातल्या चवीत सर्वांत मोठा फरक त्यानेच पाडला, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीचे ग्राइंडर बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या घडणीचेच आहेत.

मिक्सरचे पाते दाणे तोडते, दळत नाही. त्यातली चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली तर काही कण मैद्यासारखे, काही रव्यासारखे आणि काही थेट कण्यांएवढे दिसतात. पाणी मात्र या सगळ्यांवर सारखाच वेळ राहते. मैद्यासारख्या कणांतून चांगल्या चवीबरोबर कडवट, तुरट अर्कही उतरतो, तर कण्यांच्या पोटापर्यंत पाणी पोचतच नाही आणि त्यांच्यातून फक्त सुरुवातीची आंबट चव येते, त्यामुळे एकाच घोटात कॉफी कडूही लागते आणि आंबटही. दीड वर्ष याचा दोष मी कधी बियांना, कधी भाजणीला आणि कधी नळाच्या पाण्याला देत राहिलो. मध्यंतरी दीड हजार रुपयांचा एक ग्राइंडर घेऊन पाहिला. त्याचा दाणे दळणारा शंकू चिनीमातीचा होता आणि दांड्याला फक्त वरच्या बाजूने आधार होता, त्यामुळे जाड दळायला घेतले की शंकू डुगडुगत असे आणि दळण पुन्हा मिसळच येई. तीन महिन्यांत तो बाजूला ठेवला.

सध्याच्या सहा हजारांच्या ग्राइंडरची रचना पाहिली की तो पैसा कुठे लागला ते समजते. आत ३८ मिलिमीटरचा दातेरी पोलादी शंकू आहे आणि त्याच्याभोवती तसेच दातेरी कडे घट्ट बसवलेले आहे. शंकूचा दांडा वर आणि खाली अशा दोन बेअरिंगांमध्ये धरलेला असल्याने फिरवताना तो जरासुद्धा हलत नाही. दाणे वरच्या रुंद दात्यांत मोडतात, खाली सरकत बारीक होतात आणि तळाशी जेवढी फट ठेवली असेल तेवढ्याच आकाराचे होऊन डबीत पडतात. ही फट कमीजास्त करण्यासाठी शंकूच्या खाली एक चकती आहे. ती फिरवली की खटके ऐकू येतात आणि ते मोजून काल जसे दळले तसेच आज दळता येते. मिक्सरने हे कधीच साधत नव्हते.

आईने हे यंत्र पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा ती लगेच म्हणाली, "अरे, हे तर जातंच आहे." तिच्या लहानपणी भरडा काढायचा असला की मधल्या मेखेवर चिंधी ठेवून वरची तळी जराशी उचलून घेत आणि पीठ दळायचे असले की ती चिंधी काढून टाकत, चकतीचे खटके नेमके तेच काम करतात. माझे दळणे काही दिवस पाहिल्यावर तिने आणखी एक गोष्ट सांगितली : "सगळे दाणे एकदम नको ओतू. जात्यात दळण थोडं थोडं वैरायचं असतं, नाहीतर जातं जड होतं आणि पीठ गरगरीत येतं." या ग्राइंडरमध्ये थोडे थोडे वैरायची सोय नाही, पण तो उभा न धरता बराच तिरपा धरून फिरवला की दाणे एकेक, दोनदोन असे आत सरकतात. त्या दिवशी दोन्ही प्रकारे प्रत्येकी १५ ग्रॅम बिया दळून पाहिल्या. तिरपा धरून दळायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला, पण हाताला जोर कमी लागला, डबीच्या कडांना चिकटणारी मैद्यासारखी पूड स्पष्टपणे कमी झाली आणि व्ही-६० च्या कागदातून पाणी न अडखळता उतरले. तेव्हापासून मी तसेच दळतो.

आकडे सांगायचे तर दाक्षिणात्य फिल्टरसाठी मी १४ खटक्यांवर दळतो, एअरोप्रेससाठी १६ वर आणि व्ही-६० साठी २२ वर. हे आकडे माझ्या ग्राइंडरचे आहेत. दुसऱ्याने ते जसेच्या तसे न घेता बारीक रवा आणि जाड रवा यांच्या दरम्यान सुरुवात करावी आणि चव पाहून एकेक खटका बदलावा. कॉफी आंबट आणि पाणचट लागली तर दळण बारीक करायचे, कडवट आणि घसा धरणारी लागली तर जाड. व्ही-६० मध्ये १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी लागते. त्यातले पहिले ४० ग्रॅम ओतून पाऊण मिनिट थांबलो की ताज्या भाजणीची पूड फुगून वर येते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि मग उरलेले पाणी बारीक धारेने सोडायचे. मिक्सरची पूड असताना याच कृतीला पाच मिनिटे लागून कागद तुंबत असे. आता तीन मिनिटांत सगळे पाणी खाली उतरते.

पाण्याच्या तापमानाचा साताऱ्यात फार घोर लावून घेण्याचे कारण नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते, आणि हलक्या भाजणीच्या बियांना ९० ते ९६ अंशांचे पाणी मानवते. म्हणजे उकळी आल्यावर किटली खाली उतरवून अर्धा मिनिट थांबले की काम झाले. पाण्याच्या जातीचा फरक मात्र मोठा आहे. कासच्या तलावाचे नळाने येणारे पाणी आणि आमच्या इमारतीच्या बोअरचे पाणी यांची कॉफी एकाच दिवशी शेजारी शेजारी ठेवून प्यायलो तेव्हा बोअरच्या पाण्याची कॉफी मुकी वाटली. ज्या पाण्याचा किटलीत पांढरा थर धरतो त्यात बियांची आंबटगोडी दबून जाते.

बिया मी चिकमगळूरच्या मागवतो, बहुतेक वेळा सिलेक्शन ७९५ या अरेबिका वाणाच्या. कॉफी बोर्डाचे संशोधन केंद्र त्याच जिल्ह्यात बाळेहोन्नूरला आहे आणि हा वाण तिथल्याच संशोधनातून आलेला आहे. मध्यम भाजणीत त्याला गुळासारखा गोडवा आणि मागे चिंचेच्या कोळासारखी हलकी आंबट झाक येते, आणि ही झाक मला मिक्सरच्या दिवसांत एकदाही जाणवली नव्हती, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. पाकिटावर भाजणीची तारीख नसेल तर त्या बिया घेऊ नयेत. आणि तारीख असली तरी भाजल्यापासून आठवडाभर थांबून पाकीट उघडावे.

आता दोष. हिवाळ्यात साताऱ्याची हवा कोरडी झाली की दळताना स्थिर विद्युतभार तयार होतो, पूड डबीच्या आतल्या बाजूला चिकटते आणि झाकण उघडताच साली ओट्यावर उडतात. यावर उपाय एकच आणि फुकटचा आहे : दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एक थेंब टाकून ते हलवून घ्यावेत. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्यांत ज्वालामुखीच्या राखेतील विद्युतभार अभ्यासणारेही होते, २०२३ मध्ये प्रयोग करून दाखवले की दाण्यांतील ओलावा वाढला की हा भार कमी होतो. दुसरा दोष डबीच्या आट्यांचा. ते इतके बारीक आहेत की घाईत डबी तिरकी चढते आणि मग तिला सोडवायला दोन हात आणि संयम लागतो. तिसरा दोष मला सर्वांत जास्त खटकला : पाचव्या महिन्यात दांड्याची लाकडी मूठ ढिली होऊन निघाली आणि ज्यांच्याकडून ग्राइंडर घेतला त्यांनी तीन पत्रांनंतर एवढेच कळवले की मूठ स्वतंत्रपणे मिळत नाही. शेवटी एका सुतारकाम करणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांनी सागाच्या तुकड्याची मूठ घडवून दिली. ती मूळच्या मुठीपेक्षा जाड आहे आणि हातात चांगली बसते. सहा हजारांच्या वस्तूचा सुटा भाग न मिळणे मला योग्य वाटत नाही, आणि विकत घेण्याआधी प्रत्येकाने ही चौकशी जरूर करावी.

एका वेळी २० ग्रॅमपेक्षा जास्त बिया यात मावत नाहीत. घरात चार माणसे एकाच वेळी कॉफी घेणारी असतील तर दोनदा, तीनदा दळावे लागेल, आणि अशा घराने विजेवर चालणाऱ्या ग्राइंडरचा विचार करावा. चिकोरी मिसळलेली पूड घालून भरपूर दुधाची फिल्टर कॉफी ज्यांना आवडते, त्यांना तर याची गरजच नाही. ओळखीच्या दुकानातून आठवड्याला ताजी पूड आणणे त्यांच्यासाठी जास्त सोयीचे. पण जो एकटा किंवा दुकटा, बिनदुधाची, हलक्या किंवा मध्यम भाजणीची कॉफी पितो आणि नवे भांडे घ्यावे की काय या विचारात आहे, त्याने ते भांडे तूर्त राहू द्यावे आणि आधी असा ग्राइंडर घ्यावा.

निगा फार नाही. आतला भाग पाण्याने धुवायचा नाही, फक्त कोरड्या ब्रशने झाडायचा; पावसाळ्यात पूड दातांत ओलसर होऊन बसते म्हणून मी तेव्हा आठवड्यातून एकदा तो पूर्ण उघडतो. परत जोडताना आधी चकती पूर्ण आवळून शून्यावर आणावी आणि तिथून खटके मोजायला घ्यावेत, नाहीतर आपले चौदा आणि बावीस हे आकडे दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतात.