लाइव्ह भाव घ्यायचे कसे: दर भावाला पैसे मोजून की माणशी?

अमेरिकी शेअरचे भाव दाखवणारं ॲप काढत असाल, तर भाव पुरवणाऱ्या बाजारांना पैसे दर भावाला मोजायचे की माणशी, म्हणजे करार कोणता करायचा, हे स्क्रीन आखण्याआधी ठरवा. ग्राहकाने सौदा केला की नाही याच्याशी बिलाचा संबंध नसतो.

तिथे सगळ्या बाजारांचा एकत्रित भाव तीन वाटांनी येतो. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या शेअरांसाठी नेटवर्क ए, नॅसडॅकसाठी सी आणि उरलेल्यांसाठी बी. हिशेबाला ए घेऊ. सामान्य गुंतवणूकदारामागे महिन्याला १ डॉलर किंवा दर भावाला ०.००७५ डॉलर. म्हणजे महिन्याला १३३ भावांपर्यंत दर भावाचा करार स्वस्त. बाजाराचे २१ दिवस धरले, तर रोज जेमतेम सहा.

सहा पुरतील असं वाटतं, पण २० शेअरची यादी एकदा उघडली की २० भाव मोजले जातात. सातव्यांदा उघडली की डॉलर संपला. यादी दर ५ सेकंदांनी आपोआप ताजी होत असेल, तर मिनिटाला २४० भाव, म्हणजे १.८० डॉलर. भारतात तिथला बाजार उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला उघडतो. फोन टेबलावर चालू ठेवून माणूस जेवायला बसला तरी मीटर पळतच असतं. एका ग्राहकाचं बिल मासिक दरावर थांबवण्याची सोय आहे, पण त्यासाठी प्रत्येकाची मोजणी वेगळी ठेवावी लागते. दर भावाच्या करारात आपोआप ताजं होणं बंदच ठेवा, बटण द्या.

माणशी करारात गोम वेगळी. १ डॉलर फक्त स्वतःचे पैसे गुंतवणाऱ्या व्यक्तीसाठी. नोंदणीकृत सल्लागार किंवा कंपनीच्या नावाचं खातं व्यावसायिक धरलं जातं आणि दर कितीतरी पट होतो. नाव नोंदवतानाच हे विचारा, उत्तर तारखेसह जपून ठेवा. तपासणीत चूक सापडली तर मागचा फरक तुमच्याकडून वसूल होतो.

स्वस्तातला पर्याय नॅसडॅक बेसिक, म्हणजे नॅसडॅकची स्वतःची भाव-सेवा. सामान्य ग्राहकाला तिन्ही प्रकारच्या शेअरांचे मिळून साधारण १ डॉलर. एकत्रित भावाचे ३ होतात. मात्र यातला बिड-आस्क, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी लावलेला भाव, फक्त नॅसडॅकचा. दुसऱ्या बाजारात चांगला भाव असला तरी दिसत नाही, आणि उलाढालीचा आकडा कमी दिसतो म्हणून तक्रारी येतात. शिवाय ऑर्डर देण्याच्या स्क्रीनवर एकत्रित भाव दाखवणं अमेरिकी नियमानुसार बंधनकारक आहे, त्यामुळे ब्रोकरचं काम एकट्या बेसिकवर भागत नाही.

१५ मिनिटं उशिराच्या भावाला माणशी शुल्क नसतं. दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराला तो पुरतो. मात्र भावाशेजारी 'उशिराचा' असं ठळक लिहा.

सौदे घेणाऱ्या छोट्या ॲपने यादीत उशिराचा भाव ठेवावा, शेअर उघडून ऑर्डरकडे वळल्यावरच एकत्रित भाव दर भावाच्या हिशेबाने मागवावा. रोज दोन-तीन शेअर बघणारा ग्राहक मग १३३ च्या आत राहतो. एक खर्च मात्र यातही सुटत नाही: नेटवर्क ए चा लाइव्ह डेटा पुढे वाटण्याचं शुल्क महिन्याला १००० डॉलर. २०० ग्राहक असतील तर माणशी ५ डॉलर तिथेच गेले.