लिव्हर बायोप्सी, नागपूर: सुईला पाच स्टार, काउंटरला दोन

दवाखान्याचं नाव लिहत नाही, कारण डॉक्टर देवमाणूस अन् काउंटरवाल्यांनी डोकं उठवलं, मग एकाच नावावर दोन्ही कसं लिहू. नागपुरात आहे, लिव्हरचाच आहे, एवढं पुरे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली, गावात शिलाईकाम करते, वय 46. बायोप्सी म्हणजे सुईनं लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं, पण आपल्याकडे बायोप्सी म्हटलं की लोकांच्या डोक्यात एकच येते, कॅन्सर. मी जायच्या आधीच गल्लीतल्या दोन बाया येऊन रडून गेल्या, एकीनं तर दिवाळीपासून थकलेले ब्लाउजचे पैसेही देऊन टाकले, म्हणजे तेवढा फायदा झालाच.

झालं असं का पोळ्यानंतर थकवा सुरू झाला, मशीनवर बसलं का अर्ध्या तासात मान टाकायची, मग डोळे पिवळे, लघवी चहासारखी. गावात कावीळ उतरवणारे आहेत त्यांच्याकडची माळ घातली, ती माळ लांब होत गेली अन् कावीळ काही उतरली नाही. दारव्ह्याला रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला सूज आली का वाढते तो आकडा, 400 च्या वर. कावीळ बी, सी, ए, ई सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. यवतमाळच्या डॉक्टरांनी सरळ नागपूरची चिठ्ठी दिली.

नागपूरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दारू घेता का. आमचे हे असे लाल झाले का बस. मी म्हटलं डॉक्टरसाहेब, आमच्या घरात दारू येते ती फक्त शेजारच्याच्या तोंडून. दुसरा प्रश्न, काढा, चूर्ण, गुळवेल काही? अन् इथं मी गप. कोरोनापासून रोज सकाळी गुळवेलीचा काढा, वेल घराच्या कुंपणावरच आहे, फुकटचं औषध म्हणून अख्ख्या घराला पाजत होते. डॉक्टर म्हणाले 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, तो वाद वेगळा, पण तुम्ही आजपासून बंद. रक्तात एएनए पॉझिटिव्ह अन् आयजीजी वाढलेलं, म्हणजे शरीर स्वतःच्याच लिव्हरशी भांडून राहिलं असा संशय. हे काढ्यामुळं का आपोआप, अन् लिव्हरवर किती वण पडले, ते रक्तावरून नक्की सांगता येत नाही. फायब्रोस्कॅनही केला होता, पण तो फक्त लिव्हर किती कडक ते सांगते, काऊन ते नाही सांगत, अन् सूज जास्त असली का आकडा उगाच वर दाखवते म्हणे. म्हणून तुकडा काढून पाहायचा.

आधी काय काय लागते ते सांगते. पीटी-आयएनआर, प्लेटलेट, हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप अन् सोनोग्राफी. रक्त नीट गोठते का हे पाहिल्याशिवाय सुईला हातच लावत नाहीत. माझ्या बाजूच्या पलंगावर उमरखेडकडचे एक काका होते, हार्टची रक्त पातळ करायची गोळी चालू, ती काही दिवस आधी बंद करायची असते हे त्यांना कोणी सांगतलंच नाही. पहाटेपासून उपाशी, दोन बस बदलून आले अन् परत गेले. त्यांचा चेहरा अजून डोळ्यासमोर येते. तर अशा गोळ्या असतील तर तारीख घेतानाच सांगजा अन् हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच बंद करजा, मनानं नाही. एक काकू होत्या, पोटात पाणी भरलेलं, त्यांची बायोप्सी बरगडीतून नाही, मानेतल्या शिरेतून केली, ते वेगळ्या रूममध्ये, एक्सरेच्या मशीनखाली.

मला रात्री दहानंतर काही खायचं नव्हतं. सकाळी सहीचा कागद आला, त्यात रक्तस्राव, पित्त गळणं, फुप्फुसाला टोचणं असं सगळं लिहिलेलं, वाचून हातपाय गार. डॉक्टर येऊन खुर्ची ओढून बसले अन् म्हणाले यातलं मोठं काही क्वचित होते, झालं तर बहुतेक पहिल्या दोन-चार तासांतच कळते, म्हणून तर तुम्हाला दिवसभर झोपवून ठेवणार. त्यांच्या त्या खुर्ची ओढण्याला एक स्टार वेगळा.

मग गाऊन. बाप्पा, काय तो गाऊन. मागची एक नाडी तुटलेली, काखेत शिवण उसवलेली, दोऱ्याचा ताण इतका ढिला का माझ्या शिकाऊ पोरीनंही तसा ठेवला नसता. एवढं बिल घेऊन राहिले, एका टेलरला महिन्यातून एकदा बोलवायला काय जाते?

आता मुख्य गोष्ट. उताणं झोपवलं, उजवा हात डोक्याखाली. सोनोग्राफीचं गार जेल लावून डॉक्टरांनी उजव्या बरगड्यांमध्ये पेननं खूण केली, आपण खडूनं करतो तशी. भुलीचं इंजेक्शन, त्याचीच आग जास्त होते, दहा सेकंद. मग मी विचारलं सुई कितीची. म्हणाले 16 नंबर. मी म्हटलं हे तर माझ्या मशीनला रोज लावते, मग सिस्टरनं दाखवली तर कुठं ती अन् कुठं ही! आपल्याकडे नंबर वाढला का सुई जाड, यांच्याकडे उलटं, नंबर वाढला का बारीक. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

"श्वास घ्या, पूर्ण सोडा, आता थांबा, हलू नका." अन् खट्. स्टेपलर मारल्यासारखा आवाज अन् आतून एक बुक्की. बस. दुखणं म्हणाल तर कोणी कोपरानं ढुसणी दिली तेवढं. श्वास सोडून का थांबायचं तर श्वासासोबत लिव्हर वर-खाली होते, सुई आत असताना ते हललं नाही पाहिजे. मला दोनदा करावं लागलं, पहिला तुकडा छोटा आला. दुसरा सिस्टरनं बाटलीत टाकायच्या आधी दाखवला, दोन सेंटिमीटरचा असेल, तपकिरी दोऱ्याचं टोक कात्रीनं कापून फेकतो ना, तस्साच. एवढ्या दोऱ्यावरून अख्ख्या थानाचा पोत सांगणार हे लोक. टेबलावर चढल्यापासून उतरेपर्यंत वीस मिनिटं, सुई स्वतः दोन सेकंद.

खरी परीक्षा नंतर. दोन तास उजव्या कुशीवर, म्हणजे अंगाचाच दाब जखमेवर राहते, मग चार तास उताणं, उठायचं नाही. लघवी भांड्यात. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी बीपी अन् नाडी, मग अर्ध्या तासानं. तासाभरानं माझा उजवा खांदा असा ठणकायला लागला का मी घाबरून सिस्टरला ओरडले, टोचलं बरगडीत अन् दुखते खांद्यात! सिस्टर हसली, म्हणे काकू, हे होतेच, लिव्हरच्या वर जो पडदा आहे त्याची नस खांद्याकडच्या नसांसोबत आहे, मेंदूला वाटते खांदाच दुखून राहिला. पॅरासिटामॉल दिली, अर्ध्या तासात बसलं. हे आधी सांगायला काय हरकत होती? ज्यांची व्हायची आहे त्यांच्यासाठी म्हणून हे एवढं लांबण लावलं. अन् घरी आल्यावरही दुखलं तर ब्रुफेनसारख्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नका.

आता काउंटर. फोनवर बाई म्हणाली "डे केअर आहे, संध्याकाळी घरी." आम्ही त्या हिशोबानं संध्याकाळची यवतमाळ एसटी धरायची ठरवली होती. पाच वाजता सुट्टीच्या कागदासोबत सांगते, पहिली रात्र दवाखान्यापासून अर्ध्या-एक तासाच्या आत राहा, चक्कर, छातीत-पोटात वाढतं दुखणं, ताप, काळी संडास झाली तर लगेच या. अरे मग हे तारीख देताना सांगा ना! आमच्या गावातून नागपूर म्हणजे यवतमाळपर्यंतच तासभर अन् पुढं दीडशे किलोमीटर, रात्री पोट दुखलं तर मी वाटेतल्या कळंबच्या चिंतामणी गणपतीला फोन लावू का? नशीब नागपुरातच मानेवाड्याला नणंद राहते, तिच्याकडे गेलो, तिनं मुगाचं वरण अन् मऊ भात केला. ज्यांची नणंद नाही त्यांनी काय करायचं, लॉज शोधायचा, दुखरी कूस धरून.

बिलही तसंच. आधी 9000 सांगतलं, शेवटी 13400. पॅथॉलॉजी वेगळी, सुई वेगळी, रूम वेगळी. रिपोर्ट पाच दिवसांत म्हणाले, आला नवव्या दिवशी, मध्ये चारदा फोन केला तर दरवेळी "प्रोसेसमध्ये आहे". शेवटी आमचे हे स्वतः गेले. माझा जीव त्या नऊ दिवसांत अर्धा झाला ते बिलात कुठंच नाही. एक मात्र भाच्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, रिपोर्टसोबत स्लाइड अन् ब्लॉक, म्हणजे तुकड्याच्या काचा अन् मेणात ठेवलेला उरलेला तुकडा, मागजा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचं झालं तर परत टोचायची गरज नाही. मागितल्यावर दिले, सही घेऊन.

रिपोर्टमध्ये ऑटोइम्यून हिपॅटायटीस, म्हणजे तेच शरीराचं लिव्हरशी भांडण, निघालं, वण चारपैकी दोनवर, म्हणजे सिरोसिस नाही. डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू आहे, चेहरा जरा सुजला, लोक म्हणतात तब्येत सुधारली. पुढं ते भांडण दाबायची दुसरी गोळी, अझाथायोप्रिन, जोडली, दर पंधरा दिवसांनी रक्त यवतमाळलाच तपासते अन् रिपोर्ट व्हॉट्सअपवर पाठवते, डॉक्टर स्वतः उत्तर देतात, रात्री दहालाही. एसजीपीटी आता 60 वर आलं. कुंपणावरची गुळवेल सासूबाई काढू देत नाहीत, राहू दे म्हटलं, फक्त माझ्या कपात नको.

पायाची मशीन चालवू का विचारलं तर डॉक्टर म्हणाले एक आठवडा नाही, वजनही उचलायचं नाही, पाण्याचा हंडा तर अजिबात नाही. आठव्या दिवशी बसले मशीनवर. परत दाखवायला गेले तेव्हा पर्समध्ये सुईदोरा नेला होता, ओपीडीत नंबर यायला अडीच तास लागले, तेवढ्यात सिस्टरकडून मागून तीन गाऊनच्या नाड्या लावून दिल्या. काउंटरवाली पाहतच राहिली. बिल नाही लावलं तिला.