पंपही उघडला नव्हता आणि गिअरबॉक्सही

माझा ट्रक जुना आहे. डिझेल इंजिन, हाताने टाकायचे गिअर, इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नाही. मशीन जोडून दोष वाचायची सोयच नाही, त्यामुळे मिस्त्री सांगेल ते खरं. त्या भरवशावर मी दोन मोठ्या कामांचे पैसे मोजले. त्यातलं एकही काम झालेलं नव्हतं.

गाडी नीट चालता चालता मध्येच दम सोडायची. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी वेग उतरत जायचा, काळा धूर नाही, ठोका नाही, मग आचके देत बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. कधी आठवडा सुखाचा जायचा, कधी एकाच दिवसात दोनदा रस्त्यात उभं राहायची वेळ. त्यात गिअरचं दुखणं सुरू झालं. रिव्हर्स टाकताना करकर आवाज, पहिला गिअर घ्यायला जोर. दोन्ही एकाच महिन्यात आल्यामुळे माझ्या डोक्यात त्यांची मोट बांधली गेली.

आणि इथे मी चूक केली. गॅरेजात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालो, "पंप गेलाय बहुतेक, आणि गिअरबॉक्सपण." पंप म्हणजे इंजिनात डिझेल मोजून सोडणारा. मिस्त्रीला वेगळं काही शोधायची गरजच उरली नाही. त्याने एक चक्कर मारली, मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर ओळखलंत." त्या वेळी मला बरंच वाटलं होतं, हे कबूल करतो.

गाडी काही दिवस त्याच्याकडे राहिली. परत घेताना त्याने पिशवीत घालून एक झिजलेलं बेअरिंग हातात ठेवलं, "हे बघा, यानेच गिअर अडत होता." पंपाचं पूर्ण काम, गिअरबॉक्सचं पूर्ण काम, सगळं बिलात. गाडी चाललीही झकास. चार दिवस.

असा अधूनमधून येणारा दोष म्हणजे लबाड माणसाची चांदी. काहीही न करता गाडी परत दिली तरी ती काही दिवस बरी चालणारच, आणि श्रेय त्याच्या कामाला जाणार. पाचव्या दिवशी मी टाकी काठोकाठ भरली आणि थोड्याच वेळात गाडीने दम सोडला. परत गेलो तर उत्तर तयार होतं: आता टर्बो बघावा लागेल. तिथे मात्र मी थांबलो.

दुसरा मिस्त्री ओळखीतून मिळाला, वयस्कर, कमी बोलणारा. त्याने आधी गाडीला हातच लावला नाही. कधी बंद पडते, किती चालल्यावर, टाकीत डिझेल किती असताना, असं विचारत बसला. शेवटच्या प्रश्नावर मी अडखळलो, कारण उत्तर माझ्याजवळ होतं पण मी त्याचा अर्थ भलताच लावला होता. दोष बहुतेक वेळा टाकी भरल्यावर यायचा, म्हणून मी डिझेलमध्ये भेसळ समजत होतो. तो म्हणाला, "टाकी भरा आणि चला. बंद पडली की बोनेट उघडू नका, टाकीचं झाकण उघडा."

बंद पडली. झाकण फिरवलं तशी फुस्स करून हवा आत ओढली गेली. गाडी लगेच सुरू, पंधरा मिनिटं थांबायची गरज नाही.

झाकणातलं हवेचं बारीक छिद्र चिखल आणि तेलकट धुळीने बुजलं होतं. इंजिन डिझेल ओढतं, तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणाऱ्या छोट्या पंपाला, डिझेल खेचवत नाही. भरलेल्या टाकीत वर हवेला जागा थोडी, म्हणून निर्वात झपाट्याने वाढतो. टाकी अर्धी रिकामी असली तर तोच प्रकार व्हायला बराच वेळ लागतो. उभी राहिल्यावर हवा कुठून तरी हळूहळू झिरपते, म्हणून ती 'आपोआप' बरी व्हायची. पहिल्या गॅरेजातून गाडी आली तेव्हा टाकी तळाला होती आणि माझ्या फेऱ्या जवळच्या होत्या. चार दिवसांचं कोडं तिथेच सुटलं.

गिअरचं निदान त्याने उभ्या जागी केलं. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकायला लावले: लोण्यासारखे पडले. इंजिन चालू करून, क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला: करकर. मग पेडल तीन-चार वेळा भराभर मारून टाकला: आवाज नाही. म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नव्हता. पेडलचा दाब तेलातून क्लचकडे पाठवणाऱ्या मास्टर सिलिंडरचं रबर गेलं होतं आणि त्या तेलाच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. रबर बदलून हवा काढली, करकर संपली.

त्यानंतर मी त्याला विचारलं, पहिल्याने नक्की काय केलं असेल? त्याने टॉर्च घेऊन पंपाकडे बोट दाखवलं. पंप बेंचवर सेट केल्यावर डिझेलची मात्रा ठरवणाऱ्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील मारतात. माझ्या पंपावरची तार गंजलेली, सील जुनं, त्यावर कित्येक वर्षांचा थर. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर पान्याचा एक ओरखडा नव्हता. ऑइलची लेव्हल बघायचा नट काढून बोट घातलं तर ऑइल काळंकुट्ट. गिअरबॉक्स खोलायचा तर ऑइल काढावंच लागतं, आणि नवीन ऑइल मधाच्या रंगाचं असतं.

राहिलं ते पिशवीतलं बेअरिंग. त्याच्या कडेला नंबर कोरलेला होता, 6208. शेवटच्या दोन आकड्यांना 5 ने गुणलं की आतलं भोक मिळतं, इथे 40 मिलिमीटर. बाहेरचा व्यास 80. माझ्या गिअरबॉक्सच्या पार्ट्सच्या यादीत त्या मापाच्या शाफ्टवर 6308 आहे, बाहेरून 90 चं. दाखवलेलं बेअरिंग माझ्या गाडीत बसलंच नसतं.

ते घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो. "पोराने पिशव्या बदलल्या असतील," एवढंच म्हणाला. सील आणि ऑइलबद्दल विचारल्यावर आवाज चढला. बरीच हुज्जत घालून गिअरबॉक्सचे पैसे परत मिळाले, पंपाचे नाही. बिलावर फक्त 'पंप काम' लिहिलेलं होतं, कुठला पार्ट, कुठला नंबर, काहीच नाही, आणि काम सुरू करण्याआधी मी एक फोटोही काढून ठेवला नव्हता. सील, बोल्ट आणि ऑइल यांचे तीन फोटो आधी असते तर बोलणं दोन मिनिटांत संपलं असतं.

अजून एक दुखणं बाकी आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर कधीकधी सुटतो. तो लिव्हरच्या घासलेल्या बुशांचा प्रकार आहे की गिअरबॉक्सचा माउंट ढिला आहे, हे आधी बाहेरून बघायचं ठरलंय. खोलायची वेळ आलीच, तर मी शेजारी स्टूल टाकून बसणार आहे.