अँड्रॉइड गो: कमी रॅमच्या फोनवर काय निभतं, काय अडतं

अँड्रॉइड गो म्हणजे वेगळं काही नाही, अँड्रॉइडचीच हलकी आवृत्ती. गूगलने ती २०१७ साली १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी आणली. अँड्रॉइड १३ च्या गो आवृत्तीला मात्र निदान २ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा लागते. फोन, मेसेज, व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल आणि अधूनमधून बँकेचं ॲप एवढंच काम असेल, तर ती पुरते. पण खोक्यातून काढून नुसतं 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलं, तर तोच फोन थोड्याच दिवसांत रखडू लागतो आणि दोष कंपनीच्या माथी जातो.

सेटअप वायफायवर, बॅटरी निम्म्याहून जास्त असताना करावा. जुन्या फोनवरून ॲप्स आणि डेटा आणायचा का, असं फोन विचारतो तेव्हा फक्त कॉन्टॅक्ट घ्यावेत. सगळी ॲप्स एकदम उतरायला लागली की २ जीबीचा फोन बराच वेळ हात लावण्याच्या लायकीचा राहत नाही. कॉन्टॅक्ट सिमवर ठेवू नयेत, गूगल खात्यात ठेवावेत. सिम हरवलं तरी ते शाबूत राहतात. खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. रिकव्हरी मेनूतून (फोन बंद असताना बटणं दाबून उघडणाऱ्या) फोन रीसेट केला, म्हणजे सगळं पुसून कोरा केला, की तो आधीचं खातं किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. दोन्ही आठवत नसले तर फोन तिथेच अडकतो. ही चोरांसाठीची तटबंदी आहे, पण तिच्यात विसरभोळा मालकही अडकतो.

यानंतर फोन बनवणाऱ्या कंपनीचे पडदे येतात: 'सुचवलेली ॲप्स', 'वैयक्तिक जाहिराती', 'लॉक स्क्रीनवर बातम्या'. इथल्या खुणा आधीच भरलेल्या असतात. त्या एकेक करून काढाव्यात, फोनच्या चालण्यात काही फरक पडत नाही. मग लगेच सेटिंग्ज, सिस्टीम, सिस्टीम अपडेट. 'अबाउट फोन' मध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर टिचकी मारली की सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. अपडेट करूनही ती वर्षभर जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप टाकू नये. गो फोनांची सर्वांत कच्ची बाजू हीच. अँड्रॉइडची पुढची आवृत्ती फार थोड्यांना मिळते, त्यामुळे घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी ही तारीख पाहावी. (मेनूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. सेटिंग्जमध्ये वर शोधायची पट्टी असते, ती वापरावी.)

आता चालण्याबद्दल. रॅम कमी असल्याने एका ॲपमधून दुसऱ्यात गेलं की पहिलं बहुधा बंद झालेलं असतं. अर्धवट भरलेला फॉर्म जातो, व्हॉट्सॲपची सूचना उशिरा येते. त्यावर उपाय म्हणजे त्या ॲपच्या माहितीत बॅटरीसमोर 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडणं, पण हे एक-दोन ॲप्सपुरतंच करावं. सगळ्यांना मोकळीक दिली की पुन्हा तेच रडगाणं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली 'वाढीव रॅम' ही खरी रॅम नसून स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते. स्वस्त फोनांचं स्टोरेज मुळात संथ, त्यामुळे फायदा नाममात्र आणि जागा मात्र जाते. ती बंद ठेवलेलीच बरी.

गो फोनसोबत येणाऱ्या गूगलच्या हलक्या ॲप्सपैकी गॅलरी आणि फाइल्स उत्तम. मॅप्स गो मध्ये वळणावळणाला रस्ता सांगणारा आवाज हवा असेल तर त्यासाठी वेगळं नेव्हिगेशन ॲप टाकावं लागतं, हे पटण्यासारखं नाही. यूट्यूब गो २०२२ मध्ये बंद झालं.

स्टोरेज भरणं हे गो फोनचं नेहमीचं दुखणं. ३२ जीबीतला मोठा वाटा सिस्टीमच खाते आणि उरलेली जागा व्हॉट्सॲपच्या गटांतले व्हिडिओ भरून टाकतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडावं, 'मीडिया ऑटो-डाउनलोड' खाली मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींमधल्या सगळ्या खुणा काढाव्यात. एक-दोन जीबी जागा नेहमी मोकळी हवी. नाहीतर ॲप्स अपडेट होत नाहीत, आणि जुनी ॲप्स हाच पुढचा धोका. मेमरी कार्ड टाकताना 'पोर्टेबल' निवडावं. 'इंटर्नल' केलं की कार्ड त्या एकाच फोनशी बांधलं जातं. फोन बिघडला की कार्डावरचे फोटोही गेले.

सुरक्षेत गो आवृत्तीला एक गोष्ट जवळजवळ फुकट मिळाली आहे. इतर ॲप्सवर स्वतःची खिडकी काढण्याची परवानगी अँड्रॉइड १० च्या गो आवृत्तीपासून ॲप्सना मिळत नाही. कारण मेमरी वाचवणं हे, पण बँकेच्या ॲपवर खोटा पडदा टाकून पिन चोरण्याची एक वाट त्यामुळे बंद झाली. बाकीच्या वाटा उघड्याच आहेत. 'ॲप्स', 'स्पेशल ॲप ॲक्सेस', 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' इथे जाऊन व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल्स या तिन्हींसमोर 'नॉट अलाउड' आहे ना, हे पाहावं. मेसेजमधून एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी फाइल) आली, मग ती लग्नपत्रिका असो की वीजबिल, उघडायची नाही. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीन वाचण्याची आणि चालवण्याची) परवानगी सहजासहजी मिळत नाही, 'रेस्ट्रिक्टेड सेटिंग' असा अडसर येतो. फोनवर बोलणारा माणूस तो अडसर काढायच्या पायऱ्या सांगायला लागला की कॉल कापावा. दुसरं काही तपासायची गरज नाही. स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्याचंही तेच.

'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस' अशी लाल सूचना वारंवार येत असेल तर बहुतेक वेळा व्हायरस नसतो. कुठल्यातरी वेबसाइटने सूचना पाठवायची परवानगी मागितलेली असते आणि घाईत 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं. सूचना बोटाने दाबून धरली की खाली क्रोमचं आणि साइटचं नाव दिसतं. मग क्रोमचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे ती साइट ब्लॉक करावी. 'क्लीनर' किंवा 'अँटिव्हायरस' टाकू नये. प्ले स्टोअरमधलं ॲप्स तपासणारं प्ले प्रोटेक्ट चालू असलं की पुरे, आणि क्लीनरच जास्त रॅम खातात.

लॉकसाठी सहा आकडी पिन. स्वस्त फोनांतलं चेहऱ्याचं लॉक फक्त सेल्फी कॅमेऱ्यावर चालतं, त्यावर भिस्त ठेवू नये. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर लपवावा, नाहीतर ओटीपी कुलूप न उघडताच वाचता येतो. सिमलाही पिन लावता येतो, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालत नाही. मात्र आधीचा मूळ पिन सिम कंपनीकडून माहीत करून घ्यावा. तीनदा चुकला की फोन पीयूके (सिम कंपनीकडचा सुटकेचा आकडा) मागतो आणि पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद.

फोन दुसऱ्या कुणाला देताना आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढावं, सिम आणि मेमरी कार्ड बाहेर घ्यावं, मग रीसेट करावा. पुन्हा सुरू केल्यावर जुनं खातं मागितलं नाही, म्हणजे फोन खरोखर मोकळा झाला.