ब्लू-ब्लॅक शाई घेताय? निदान दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा

बॅगेतल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं, एवढंच निमित्त झालं. वही निम्म्यापर्यंत भिजली आणि तीन महिन्यांच्या नोट्सचं जे झालं ते बघवेना. फाउंटन पेनमधल्या रॉयल ब्लू शाईने लिहिलेली पानंच्या पानं नुसती फिकट निळी, कुठे एखादी वेलांटी शिल्लक, कुठे अर्धा काना, बाकी सगळं वाहून गेलेलं. यात शाईला बोल लावण्यात अर्थ नाही, रॉयल ब्लू हा प्रकारच मुळात धुतला जाणारा असतो, शर्टावर डाग पडला तर निघावा म्हणून. मी शर्टाचा विचार केला होता, वहीचा केला नव्हता.

म्हटलं आता पाण्याला दाद न देणारी शाई बघू. काळी नको होती, काळ्याने लिहिलं की मला उगाच फॉर्म भरत बसल्यासारखं वाटतं. मग उरली ब्लू-ब्लॅक, आणि तिथूनच घोळ सुरू झाला, कारण नाव एकच आणि आतला रंग ज्याचा त्याचा. एका बाटलीत गडद नेव्ही, दुसरीत राखाडी, तिसरीत हिरवट झाक, चौथी जवळजवळ काळीच. या नावाला कसलं ठरलेलं मापच नाहीये.

पहिली बाटली मी फोटो बघून घेतली. नाव घेत नाही. फोटोत रंग असा होता की बघतच राहावं, आणि लिहिताना ओली ओळ तशीच दिसली, काळसर निळी, एकदम दमदार. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली तर तीच ओळ विटलेल्या जीन्ससारखी, आणि पान उलटलं तर मागच्या बाजूला अख्खं वाक्य उलटं वाचता येतंय. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की ओली शाई बघून काहीही ठरवायचं नाही. ओली असताना सगळ्याच छान दिसतात.

खरं तर या शाईला हे नाव पडलं तेच मुळी ओल्या आणि वाळलेल्या रंगातल्या फरकावरून. मायफळातलं (ओकच्या झाडावर येणाऱ्या गाठींमधलं) टॅनिन आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, या दोघांपासून जुनी शाई बनायची. ताज्या द्रावणाला स्वतःचा फारसा रंग नसतो, लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते दिसावं म्हणून त्यात निळा रंग घालायचे. मग कागदावर हवा लागली की लोखंडाचं ऑक्सिडेशन होतं आणि काळं संयुग तयार होतं, ते थेट कागदाच्या तंतूंमध्ये, आणि ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून लिहिताना ब्लू आणि नंतर ब्लॅक. लंडनच्या हेन्री स्टीफन्सने १८३२ मध्ये अशी ब्लू-ब्लॅक शाई विकायला सुरुवात केली होती, आणि ब्रिटनमध्ये जन्म-लग्नाच्या नोंदवहीसाठी जी रजिस्ट्रारची शाई वापरत आले तीही याच जातीची. इंग्रजीत या प्रकाराला आयर्न गॉल म्हणतात.

आता गंमत अशी की आज ब्लू-ब्लॅक लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये लोखंडाचा पत्ताच नसतो, नुसते दोन-तीन रंग मिसळून तो शेड आणलेला असतो. त्यात वाईट काही नाही, उलट पेनला त्या सोप्या पडतात, पण लेबलवर हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं, त्यामुळे आपण एक समजून दुसरंच घरी आणतो. लामी या पेन कंपनीची ब्लू-ब्लॅक पूर्वी लोखंडवाली होती, नंतर बदलली, नाव मात्र तेच. म्हणजे जुना रिव्ह्यू वाचून नवीन बाटली घेणाऱ्याची पंचाईत.

तर मग मी शहाण्यासारखं दोन-दोन मिलीची सॅम्पल मागवली. कन्व्हर्टरमध्ये (पेनमधली शाई ओढून घ्यायची नळी) साधारण अर्धा ते एक मिली मावते, म्हणजे दोन मिलीत दोनदा तरी पेन भरून होतो, तेवढ्यात शाईचा स्वभाव कळतो. पाच घेतल्या. लोखंडवाल्या दोन, पेलिकन ४००१ ब्लू-ब्लॅक आणि रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स. रंगवाल्या दोन, पायलटची ब्लू-ब्लॅक आणि वॉटरमनची मिस्टीरियस ब्लू (हिचं आधीचं नाव ब्लू-ब्लॅकच होतं). आणि एक पिगमेंटवाली, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची, सेलरची सेइबोकू. पेन दोन, एक मीडियम निबचा जो भसाभसा ओलं लिहितो, आणि एक फाइन निबचा जरा कंजूस. कागद तीन, साधा ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, आकडा लहान तेवढा कागद हलका) झेरॉक्सचा, एक स्वस्तातली रेघी वही, आणि तो तोमोए रिव्हर म्हणून ५२ जीएसएमचा पातळ गुळगुळीत कागद येतो ना, तो. वाक्य सगळीकडे एकच लिहिलं, "आज मंगळवार, शाई तपासणं चालू आहे", सुचलंच नाही दुसरं काही.

पहिल्या दहा मिनिटांत विचाराल तर पेलिकन सगळ्यात शेवटी. खरंच सांगते, पेनमधून ओळ बाहेर आली ती अशी फिकट करडी-निळी की मला वाटलं आधी धुतलेल्या पेनमधलं पाणी राहिलंय. पुन्हा धुतला, सुकवला, पुन्हा भरला, तेच. वैतागून वही बंद केली. अर्ध्या तासाने उघडली तर ओळीच्या कडा आधी गडद झालेल्या, मधे अजून निळं, आणि जिथे पेन टेकवून क्षणभर थांबले होते (पूर्णविराम, काने संपतात ती टोकं) तिथे जवळजवळ काळं. सकाळी तर ती वेगळीच शाई वाटली, काळसर, थंड, कसलीही चमक नाही. मग मी दर तासाला एक ओळ लिहून वेळ घातली शेजारी, पूर्ण पानभर, आणि ते पान खालून वर वाचलं की फिकटातून काळ्यापर्यंतचा अख्खा प्रवास दिसतो. हे पान मी जपून ठेवलंय, उगाच.

दुसरं म्हणजे ही शाई कोरडी आहे. कोरडी म्हणजे निबमधून कमी वाहते. कंजूस फाइन निबमध्ये भरली तर पेन खरखरतोय असं वाटतं आणि हाताला दाबायची सवय लागते, ते नको. पण त्या भसाभसा लिहिणाऱ्या पेनमध्ये घातली आणि दोघांचं जमलं, ओळ बारीक झाली, अक्षर सुटं दिसायला लागलं. आणि याच कोरडेपणामुळे साध्या कागदावर शाई फुटत नाही. झेरॉक्सच्या कागदावर बाकीच्या शायांच्या अक्षरांना बारीक बारीक मिशा फुटल्या होत्या, पेलिकनच्या आणि सॅलिक्सच्या अक्षरांना नाही. रेघी वहीत मी तिने पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिते, पाठीमागे उमटत नाही. ज्यांच्या वाट्याला रोज चांगला कागद येत नाही (म्हणजे आपण सगळे) त्यांच्यासाठी ही एवढी एक गोष्टसुद्धा पुरेशी आहे.

सॅलिक्स त्याच जातीची पण सुरुवात जास्त निळी, लिहितानाच आवडते, आणि वाळून धुरकट निळ्यावर थांबते, पेलिकनइतकी काळी होत नाही. वाहायलाही जरा सैल. रोज बघायला मला सॅलिक्स जास्त आवडली, नंतर वाचायला पेलिकन.

पायलटची ब्लू-ब्लॅक म्हणजे सुखाचा जीव. कुठल्याही पेनमध्ये घाला, पहिल्या स्पर्शाला चालू. रंग पहिल्यापासून जो दिसतो तोच राहतो साधारण, नेव्हीकडे झुकलेला. लोखंड नसूनही पाण्याला बऱ्यापैकी टिकते हे मला अपेक्षित नव्हतं. ओल्या पेनमध्ये ओळ जाड होते तेवढं सांभाळायचं, बारीक निबला एकदम योग्य. हिची ३५० मिलीची मोठी बाटलीही येते, रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी बघावी.

मिस्टीरियस ब्लू ही दिसायला पाचांत सगळ्यात देखणी. जाड निबने लिहिलं तर एकाच अक्षरात दोन छटा, वरून फिकट खाली गडद. वाळता वाळता हिरवट निळ्याकडे सरकते, काहींना ते चालत नाही, मला चाललं. पेन धुवायलाही अगदी सोपी, दोनदा पाणी घेतलं की साफ. पण पाण्यापुढे तिचं काही चालत नाही, आणि मी निघालेच होते त्यासाठी, त्यामुळे पत्रं-बित्रं लिहायला ठीक. सेइबोकूबद्दल फार बोलत नाही, पिगमेंट आहे, पाण्याला अजिबात हलत नाही, रंग गडद निळा, उत्तम, पण पेनमध्ये वाळू द्यायची नाही, आणि मी पेन विसरणाऱ्यातली आहे.

पाण्याची परीक्षा दोनदा घेतली. एकदा लिहून दहा मिनिटांनी, एकदा पूर्ण एक दिवसाने. ड्रॉपरने ओळीवर थेंब टाकायचा, मिनिटभर थांबायचं, टीपकागदाने टिपायचं. दहा मिनिटांच्या ओळीवर पेलिकनचाही बराच निळा वर आला, आणि इथेच लोक घाबरून शाईला नावं ठेवतात. दिवसभर जुन्या ओळीवर थेंब टाकला तेव्हाही निळा आला, टीपकागदावर चांगला डाग पडला, पण खाली करडी-काळी ओळ जशीच्या तशी, एकेक मात्रा शाबूत. रंग जातो, लोखंड राहतं. मग हिंमत करून अख्खं पान नळाखाली धरलं. कागद फाटला, अक्षर नाही गेलं.

घरी बसल्या बसल्या आणखी एक करता येतं, टिश्यूपेपरची पट्टी कापायची, खालच्या टोकाजवळ शाईचा ठिपका, तो वाळला की टोक पाण्यात बुडवायचं पण ठिपका पाण्याच्या वर राहील असं. पाणी चढतं तसे रंग वेगवेगळे होतात. मिस्टीरियस ब्लूमधून काय काय निघालं ते बघायलाच मजा येते. लोखंडवाल्यांमध्ये निळा पळून जातो आणि मूळ ठिपक्याच्या जागी करडा डाग ठाण मांडून बसतो, लेबलवर लिहिलेलं असो नसो, साधारण अंदाज येतो.

आता तक्रारीचा भाग, आणि तक्रार माझीच माझ्याबद्दल. सॅलिक्स भरलेला पेन शाई संपत आलेली असताना ड्रॉवरमध्ये गेला आणि दोन महिन्यांनी सापडला. निबवर काळा खवला, निबखालच्या जिभेच्या खाचा बुजलेल्या. साध्या पाण्यात रात्रभर ठेवला, थोडं निघालं. मग पाण्यात व्हिटॅमिन सी विरघळवून त्यात तासभर बुडवला, त्याने ते काळं लोखंड परत विरघळणाऱ्या रूपात येतं, पाणी गढूळ झालं आणि पेन मोकळा झाला, नंतर साध्या पाण्याने चार-पाच वेळा खळखळून धुतला. तर लोखंडवाली शाई वापरायची असेल तर पेन रोज चालता ठेवा, तीन-चार आठवड्यांनी धुवा, आणि आजोबांचा जुना जपलेला पेन यात घालू नका, ही शाई आम्लधर्मी असते, साध्या स्टीलच्या निबला वर्षानुवर्षं तेच बरं नाही. दुसरी कुठलीही शाई हिच्यात मिसळू नका, चोथा होतो. बाटलीही लहान घ्या, कारण उघडझाक करून हवा बाटलीतही जातेच आणि जे कागदावर व्हायचं ते तळाशी व्हायला लागतं, खाली गाळ दिसला की ती शाई पेनमध्ये भरायची नाही.

पेन आठ-आठ दिवस पडून राहणार असेल तर सरळ पायलट घ्या, जास्त विचार करू नका. मी ३० मिलीची पेलिकन घेतली आणि सॅलिक्सचं उरलेलं सॅम्पल फक्त रविवारी वापरते. उजव्या हाताचं बोट पहिल्या दिवसापासून निळं होतं, ते लोखंडाने काळं होतंय की काय असं एकदा वाटलं होतं, पण साबणाने दोन दिवसांत गेलं.

उन्हाची पट्टी सांगायची राहिलीच. पाचही शायांचं ते वाक्य एका पट्टीवर लिहून अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकली आणि खिडकीच्या काचेला लावली, त्याला आता दीड महिना झाला. परवा पुठ्ठा काढून बघितलं. पेलिकनच्या ओळीतल्या उघड्या भागात निळ्याचं नावही राहिलेलं नाही, राखाडी झालीये, पण "आज मंगळवार" स्वच्छ वाचता येतंय. पट्टी परत चिकटवून टाकली.