व्यसनमुक्तीतली सजगता: अर्धरचित मुलाखत की एका क्षणाची मुलाखत?

व्यसनमुक्तीसाठी सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) कार्यक्रमातून गेलेल्या माणसांशी बोलून संशोधन करायचं ठरलं की मुलाखतीची पद्धत निवडताना अडायला होतं. विषयांची यादी हाताशी ठेवून मोकळं बोलायची अर्धरचित मुलाखत घ्यावी, की एकच क्षण धरून तो उलगडणारी मायक्रो-फिनॉमेनॉलॉजिकल? मी दोन्ही घेतल्या आहेत.

अर्धरचित मुलाखतीच्या सोयी सांगायला नकोत. ब्राउन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या मांडणीप्रमाणे थीमॅटिक विश्लेषण, म्हणजे मुलाखतींत पुन्हा पुन्हा येणारे विषय शोधून मांडणं, करायचं असेल तर ती छान बसते. नाती, कामावर परतणं, सराव का सुटला असे विषय असतील तर मी आजही तीच घेईन.

मला छळलं ते पढीक उत्तरांनी. मार्लॅट, बोवेन आणि चावला यांचा एमबीआरपी (माइंडफुलनेस-बेस्ड रिलॅप्स प्रिव्हेन्शन), म्हणजे सजगतेच्या सरावातून पुन्हा व्यसनाकडे वळणं टाळायला शिकवणारा कार्यक्रम, ८ आठवड्यांचा. तलफ लाटेसारखी चढते, ओसरते, तिच्याशी झगडू नका, नुसतं पाहा, असं त्यात शिकवतात. मग ‘तलफ आली की काय करता?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मी लाट बघतो, ती जाते.’ पुढचाही तेच सांगतो. शब्दांकन वाचताना हातात कार्यक्रमाचं माहितीपत्रक असल्यासारखं वाटतं. माणूस खोटं बोलत नसतो. आपण नेहमीचं विचारतो, तो नेहमीचं सांगतो. बोवेन यांच्या २०१४ च्या २८६ जणांच्या चाचणीत वर्षभरानंतर एमबीआरपी घेतलेल्यांचे नशेचे दिवस इतर गटांपेक्षा कमी दिसले. ते नेमकं कसं घडतं, हे मुलाखतीतून कळायला हवं, आणि तेच हातून निसटत होतं.

वेर्मर्श यांनी सुरू केलेल्या आणि पेतिमांजां यांनी पुढे नेलेल्या दुसऱ्या, म्हणजे मायक्रो-फिनॉमेनॉलॉजिकल पद्धतीत ‘का’ हा प्रश्न जवळपास वर्ज्य. ‘एकच वेळ घेऊ. कुठे उभे आहात? सगळ्यात आधी काय जाणवतंय?’ लाटेचंच वाक्य सांगणारे एक गृहस्थ अशा एका संध्याकाळपाशी थांबले. बोलणं मंदावलं, नजर बाजूला गेली, क्रियापदं वर्तमानकाळात आली. जबडा आवळलाय, घसा कोरडा पडलाय, हात खिशातल्या फोनकडे चाललाय, आणि हात हलल्यावर कळतंय की ही तलफ आहे. म्हणजे आधी हालचाल, मग जाणीव! सराव शिकवणाऱ्याला याचा केवढा उपयोग आहे. प्रश्नांच्या यादीतून हे मला कधी मिळालं नव्हतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण मला तरी इथे फरक स्पष्ट दिसला.

ही पद्धत महाग पडते हे खरं. एका क्षणात तास जातो, रीतसर शिकावी लागते, माणसं थोडीच घेता येतात. त्याहून मोठी काळजी अशी की तलफेचा क्षण जागवला तर तलफही जागी होऊ शकते. म्हणून नुकतंच व्यसन सोडलेल्यांची अशी मुलाखत मी घेत नाही. तलफ येऊन ओसरली असेल अशीच वेळ निवडायला सांगतो, समुपदेशक हाताशी असताना भेटतो आणि शेवटी आजच्या दिवसाबद्दल निवांत बोलल्याशिवाय उठत नाही. एवढी व्यवस्था होत नसेल तर अर्धरचितच घ्या, फक्त ‘नेहमी काय करता’च्या जागी ‘अलीकडे तलफ येऊन गेली, ती एक वेळ सांगा’ असं विचारा.